बारावीला सहा एपी घ्यायच्याच का? लेकीच्या वेळापत्रकाबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेक न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला, सप्टेंबरमधे बारावी सुरू होणार, इंजिनिअरिंगला जायचंय. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, इंग्लिश लिटरेचर, स्पॅनिश आणि सायकॉलॉजी अशा सहा एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतल्यात, वर मार्चिंग बँड. आता ती म्हणतेय सायकॉलॉजी सोडून सिरॅमिक्स (मातीच्या वस्तू घडवायचा वर्ग) घेते, आणि ओळखीतले लोक तुम्हाला सांगतायत की एक जरी एपी कमी केली तर टॉपची कॉलेजं हातची गेली.

माझं मत आधीच सांगून टाकते. सायकॉलॉजी बिनधास्त काढा, स्पॅनिशला हात लावू नका, आणि केमिस्ट्रीचं काय करायचं ते तिलाच विचारा.

आता का ते. आपण सगळे महाराष्ट्रातून बारावी करून आलोय, त्यामुळे बारावीचं वर्ष म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, टीव्ही बंद, पाहुणे बंद, फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा आणि मग सीईटी नाहीतर जेईई, जे काय होणार ते त्या मार्कांवर. इथलं कॅलेंडर पूर्ण वेगळं आहे आणि नेमकं तेच बऱ्याच आईबाबांच्या लक्षात येत नाही. अर्ली डिसिजन (निवड झाली तर तिथेच जायचं असं बंधन असलेला लवकरचा अर्ज) आणि बंधन नसलेल्या अर्ली अ‍ॅक्शनचे अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला जातात, पर्ड्यू आणि मिशिगनसारख्या इंजिनिअरिंगवाल्यांची आवडती ठिकाणंसुद्धा त्यातच, रेग्युलरचे जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे अर्ज जातो तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) नववी ते अकरावीचे मार्क असतात आणि बारावीच्या विषयांची फक्त नावं असतात. नंतर शाळा मिड-इयर रिपोर्ट पाठवते, त्यात पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड जातात, आणि जून-जुलैत फायनल ट्रान्सक्रिप्ट. एपीच्या परीक्षा तर मे महिन्यात, त्यांचा निकाल जुलैत. तोवर अ‍ॅडमिशन होऊन डॉर्मसाठी चादरी घेऊन झालेल्या असतात! कोणीतरी खाली लिहिलंय की बारावीच्या सहा एपीत सहा फाइव्ह (पाचपैकी पाच) आणले की प्रोफाइल चमकतं, तर ते फाइव्ह कॉलेजात क्रेडिटसाठी उपयोगी पडतील, पण अ‍ॅडमिशन देणाऱ्याने ते पाहिलेलेच नसतात.

मग ते पाहतात काय? एक म्हणजे काउन्सेलरचा (शाळेतल्या मार्गदर्शकाचा) स्कूल रिपोर्ट. कॉमन अ‍ॅपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या) त्या फॉर्ममधे काउन्सेलरला विचारलेलं असतं की तुमच्या शाळेतल्या बाकी मुलांच्या तुलनेत या मुलीचे विषय किती अवघड आहेत, आणि सगळ्यात वरचा पर्याय म्हणजे ‘मोस्ट डिमांडिंग’. सोबत स्कूल प्रोफाइल जातं, त्यात शाळेत एकूण किती एपी आहेत, कोणाला किती घेता येतात वगैरे. म्हणजे तुलना होते ती शाळेच्या आत. शेजारच्या गावातल्या मुलाने अकरा एपी केल्या म्हणून तुमच्या मुलीची बाजू पडत नाही, त्याच्या शाळेत पंचवीस असतील आणि तुमच्याकडे बारा. आणि दुसरी गोष्ट, ‘मोस्ट डिमांडिंग’ची खूण कधी करायची याचा प्रत्येक शाळेचा आपापला हिशोब असतो, काही ठिकाणी लेखी नियम असतो, काही ठिकाणी काउन्सेलरच्या अंदाजावर. पाच एपी ठेवल्या तरी ती खूण मिळेल का, हे काउन्सेलरला सरळ विचारा. हा एक प्रश्न विचारून निम्मी काळजी मिटते आणि तरी लोक तो विचारत नाहीत, ओळखीच्यांना विचारत बसतात.

विषयांची काठिण्यपातळी महत्त्वाची नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये हं. कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट म्हणून एक कागद प्रसिद्ध करतात, त्यात सी ७ नावाचा तक्ता असतो, तुम्हाला हव्या त्या कॉलेजचा काढून बघा, निवडक कॉलेजांपैकी बहुतेकांनी विषयांच्या काठिण्यापुढे ‘व्हेरी इम्पॉर्टंट’वरच खूण केलेली दिसेल. पण काठिण्य म्हणजे एपीचा आकडा नव्हे. वाचणारा माणूस बघतो की इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, परकी भाषा या पाच मुख्य विषयांत मुलगी चढत गेली की बारावीला ढिली पडली. म्हणून स्पॅनिश सोडू नका म्हणतेय, चौथं वर्ष आहे तिचं, एकच भाषा चार वर्षं केलेली अनेक ठिकाणी चांगली दिसते आणि हार्वर्ड तर तसं स्पष्ट सुचवतं. सायकॉलॉजी हा चांगला विषय आहे, आवडीने घेणाऱ्याने जरूर घ्यावा, पण तुमच्या लेकीने तो निव्वळ पाचाचे सहा करायला घेतलाय हे तुमच्याच पोस्टमधून कळतंय. इंजिनिअरिंगच्या अर्जात बीसी आणि फिजिक्स सी असताना सायकॉलॉजीच्या जागी सिरॅमिक्स दिसलं म्हणून कोणी तिला नाकारणार नाही. उलट दिवसातला एक तास ती हाताने काहीतरी घडवतेय, मला तर फार छान वाटलं वाचून.

केमिस्ट्रीचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. फिजिक्स सी आणि एपी केमिस्ट्री दोन्ही लॅबवाले, दोन्हीचे प्रॉब्लेम सेट रोजचे. आधी शाळेला विचारा की फिजिक्स सी मधे नुसतं मेकॅनिक्स आहे की इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमसुद्धा एकाच वर्षात, काही शाळा दोन्ही उरकतात आणि मग ते ओझं जवळपास दोन विषयांचं होतं. त्यात फिजिक्स सी कॅल्क्युलसवर चालतं आणि बीसी सोबतच चालू, म्हणजे फिजिक्सच्या वर्गात इंटिग्रेशन लागणार तेव्हा गणिताच्या वर्गात ते अजून आलेलंही नसेल. तिने दहावीत ऑनर्स (नेहमीपेक्षा वरच्या पातळीची) केमिस्ट्री केली आहे आणि अकरावीत एपी बायो. एमआयटीसुद्धा शाळेत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी एकेक वर्ष आणि गणित कॅल्क्युलसपर्यंत एवढंच सुचवतं, एपी केमिस्ट्री हवीच असं नाही. तिला केमिकल किंवा बायोमेडिकलकडे जायचं असेल, किंवा तो विषयच मनापासून आवडत असेल, तर घेऊ दे. मेकॅनिकल नाहीतर कॉम्प्युटरच्या विचारात असेल आणि केमिस्ट्री फक्त दिसायला बरी म्हणून असेल, तर त्या जागी शाळेत एखादा इंजिनिअरिंग डिझाइनचा किंवा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स आहे का बघा.

मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या मराठी मुलांचे निबंध वाचून देते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमधे मुलांचं काय होतं ते जवळून बघते. मार्चिंग बँडचा सीझन नेमका तोच, शुक्रवारी रात्री फुटबॉल मॅच, शनिवारी स्पर्धा. त्याच आठवड्यांत कॉमन अ‍ॅपचा ६५० शब्दांचा निबंध, शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध, दहा कॉलेजं धरली की ते पंचवीस-तीस सहज होतात. त्याच आठवड्यांत पहिल्या मार्किंग पिरियडचे ग्रेड पडतात, आणि अर्ली डिसिजनला काही कॉलेजं तेही मागवून घेतात. म्हणजे सहावी एपी जी घेतली अ‍ॅडमिशनसाठी, ती खाते निबंधाचा वेळ आणि बाकी पाच विषयांचे ग्रेड, ज्या दोन्ही गोष्टी खरोखर वाचल्या जातात. बीसीमधे एखादा बी आला तर आभाळ कोसळत नाही, पण अकरावीपर्यंत सगळे ए असलेल्या मुलीच्या मिड-इयरमधे तीन बी आणि एक सी दिसले की वाचणाऱ्याच्या मनात शंका येतेच. आणि झोप! या वयाच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आपली मुलं एक वाजेपर्यंत जागतात आणि आपण कौतुकाने सांगतो. मला हे बघवत नाही, खरंच सांगते.

कॅलिफोर्नियातल्या एका ताईंनी मधेच विचारलंय म्हणून थोडक्यात, यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं) गणित वेगळं आहे. तिथे जीपीए (ग्रेडची सरासरी) दहावी-अकरावीच्या ग्रेडवर काढतात, एपी-ऑनर्सचे जादा पॉइंट जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना मिळतात, एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघतच नाहीत. बारावीचे विषय कोणते घेतलेत हे मात्र बघतात, आणि अर्जानंतर विषय बदलला तर कळवावंच लागतं.

हे बदलाचं न्यू जर्सीतही लक्षात ठेवा. सायकॉलॉजी काढायची तर आत्ताच, वर्ष सुरू व्हायच्या आधी, किंवा फार तर शाळेच्या अ‍ॅड-ड्रॉपच्या, म्हणजे विषय बदलायच्या, मुदतीत. मुदत गेली की बऱ्याच शाळांत ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडला अशी नोंद) येतो. आणि अर्ज गेल्यानंतर घाबरून एखादा मुख्य विषय सोडला तर काउन्सेलरला कॉलेजांना कळवावं लागतं, ते स्पष्टीकरण लिहिण्यापेक्षा आत्ताच हलकं वेळापत्रक बरं. वसंतातही पाचही विषय नीट पूर्ण करायचे आहेत, फायनल ट्रान्सक्रिप्टमधे घसरगुंडी दिसली म्हणून दिलेली अ‍ॅडमिशन काढून घेतल्याची उदाहरणं होतात.

तुमच्या ओळखीतल्यांना एवढंच सांगा की हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी या ठिकाणी शंभरातल्या पाचांनाही प्रवेश मिळत नाही, सहा एपीवाल्यांचेही नकारच जास्त. तिथे खात्री देणारं वेळापत्रकच नाही. त्यामुळे ती जिथे आनंदाने शिकेल अशी, आणि प्रवेश मिळायची बरी शक्यता असलेली चार-पाच कॉलेजं यादीत आत्ताच घाला, न्यू जर्सीच्याच रटगर्स युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग घराजवळ आहे म्हणून कमी समजू नका.

आता करायचं काय, तर या आठवड्यात काउन्सेलरला मेल जाऊ दे, आणि तो लेकीने लिहू दे, तुम्ही नको. पाच एपी आणि सिरॅमिक्स घेतलं तर ‘मोस्ट डिमांडिंग’ राहील का, फिजिक्स सी मधे एक भाग की दोन, आणि अ‍ॅड-ड्रॉपची शेवटची तारीख कोणती, एवढंच. अकरावीच्या ज्या दोन शिक्षकांकडून शिफारसपत्र हवंय त्यांना सुट्टी लागायच्या आधी विचारून टाकायला सांगा. मोठा निबंध ऑगस्टमधेच संपवा, बँड कॅम्प सुरू झाला की होत नाही. उत्तर आलं की शाळेचं प्रोफाइल नाव खोडून इथे टाका, मग केमिस्ट्रीबद्दल मी अजून नेमकं सांगू शकेन.