स्कॉटलंडमध्ये ऑफिसला किल्ट घालून गेलं तर चालतं का? मी भारतीय आहे, लोकांना आवडणार नाही का?

चालतं. मी एडिंबरात नोकरी करतो आणि गेली चार वर्षं बहुतेक शुक्रवारी किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा चौकड्यांचा, निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा पोशाख, घालूनच जातो. फक्त आधी विचारून घ्या. मी न विचारता गेलो आणि दुपारी एचआरने बोलावलं. नियमावलीत पुरुषांसाठी ‘ट्राउझर्स’ असा शब्द होता. मी रीतसर ईमेल लिहिला, महिन्याभराने तिथे ‘नीटनेटका औपचारिक पोशाख’ असं आलं. म्हणजे मुद्दा मनाचा नव्हता, शब्दाचा होता.

इथे किल्ट मुख्यतः लग्नात, पदवीदानाला आणि रग्बीच्या सामन्याला घालतात. त्यामुळे सुरुवातीला सगळे विचारतील, ‘आज कुणाचं लग्न?’ लग्नातलं चंदेरी बटणांचं जॅकेट आणि केसाळ स्पोरन (किल्टच्या पुढे लटकवायची थैली) घरीच ठेवा. ऑफिसला साधा शर्ट किंवा ट्वीडचं (जाड लोकरी कापडाचं) जॅकेट आणि चामड्याचा साधा स्पोरन पुरतो. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कीअन डू, अजिबात नेऊ नका. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायदा तिला सूट देतो, पण ऑफिसवर ती सूट बंधनकारक नाही.

टार्टन (घराण्यागणिक वेगळी असणारी चौकड्यांची नक्षी) कुठल्या घराण्याचं घ्यावं म्हणून अडून बसू नका. गडद हिरवं-निळं ‘ब्लॅक वॉच’ कुणीही घालू शकतं आणि ऑफिसात शोभतंही.

खरी सवय लागते ती बसायची. किल्टला साधारण आठ वार कापड लागतं, सगळ्या निऱ्या मागे. बसताना हाताने त्या खाली सारून मग टेकायचं, नाहीतर उठेपर्यंत चुरगळतात. माझी आजी नऊवारीत अशीच बसायची, म्हणून मला ते लवकर जमलं असावं. टाइप करताना स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवा. पिन पुढच्या दोन पदरांपैकी फक्त वरच्याला लावा, दोन्ही पदर एकत्र टाचलेत तर कापड फाटतं.

एक विनंती: फॅन्सी ड्रेस समजून घालू नका. 1746 च्या कायद्याने हायलंडचा, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख घालायला बंदी आली होती, ती 1782 मध्ये उठली. इथल्या लोकांना ते माहीत आहे.

आणि भारतीय असल्याचं म्हणाल, तर मला एकदाही कुणी हटकलं नाही. आमच्या रिसेप्शनवरचे वयस्क गार्ड हायलंडचे आहेत. दुसऱ्याच शुक्रवारी त्यांनी मला लिफ्टपाशी थांबवलं. मी पँटसारखा किल्ट कमरेवर बांधला होता. म्हणाले, ‘बेंबीपर्यंत वर घे, गुडघ्याच्या मध्यावर आला पाहिजे.’ आणि पट्टा कसा आवळायचा ते तिथेच दाखवलं.