शिमग्यात सातबारा काढ

प्रिय मुली,

टी.वाय.नंतर बी.एड. करून हायस्कूलला इंग्रजी शिकवायचं म्हणतेस आणि शिष्यवृत्ती कोणती मिळेल ते विचारतेस. योजना आहेत. पोरींची शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक कागदावर, आणि तो कागद प्रवेशाच्या आधीच काढायचा असतो.

आधी प्रवेश. सीईटीचा अर्ज भरताना ईएलसीटी, म्हणजे इंग्रजीची वेगळी चाचणी, तीसुद्धा घे. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला ती लागते. मग काहीही झालं तरी कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, जागा घे. फेरीत हवं ते कॉलेज लागलं नाही की कुणीतरी सांगतं, "मॅनेजमेंटची सीट आहे, फी नंतर बघू." ती घेतलीस की शुल्कमाफी गेली. २०२४-२५पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून आलेल्यांनाच. अनुसूचित जातीची असशील तर भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती बघ. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. डेव्हलपमेंट फी वगैरे माफीत धरत नाहीत, म्हणून प्रवेश घेतानाच फीची फोड लेखी माग.

आता राहण्याजेवणाचं. राजापूरहून रोज रत्नागिरीला ये-जा करून बी.एड. होत नाही. शेतकऱ्याच्या मुलीसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याला अल्पभूधारक दाखला लागतो आणि आपल्या कोकणात घोडं अडतं ते नेमकं इथे. जमीन गुंठ्यांत, पण सातबारावर अजून पणजोबांचं नाव. खाली सहहिस्सेदारांची रांग, त्यात निम्मे मयत, आणि तुझ्या बाबांचं नावच नाही. ज्याचं नाव उताऱ्यावर नाही तो कागदोपत्री शेतकरी नाही. आधी वारस नोंद करून घ्यावी लागते. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, स्वयंघोषणापत्र असा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. मग फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, पडतो, नोटिशीचे १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हे सगळं सुरळीत झालं तर! एखाद्या काकाने हरकत घेतली की महिने गेलेच. वारसांतले अर्धे मुंबईत असतात, म्हणून शिमग्याला चाकरमानी घरी येतात तेव्हाच त्यांचे कागद आणि सह्या गोळा कर. गणपतीपर्यंत थांबलीस तर प्रवेश होऊन गेलेला असेल. नोंद झाली की नवा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि मग तहसीलचा दाखला. खोली भाड्याने घेणार असशील तर मालकाशी करारनामा कर, नुसत्या तोंडी बोलण्यावर भत्ता मिळत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा, तलाठ्याचा चालत नाही. मुदत संपलेला दाखला जोडलास तर अर्ज परत येतो. राखीव प्रवर्गात असशील तर जात पडताळणीचा अर्ज आजच टाक. ओबीसीला नॉन-क्रीमीलेयरही लागतं. आणि दहावीच्या गुणपत्रकावर, आधारवर आणि बँकेत नाव अक्षरन् अक्षर एकच आहे ना, ते तपास.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीत बसवावा लागतो. मोबाइलवर काढलेला फोटो मोठा होतो आणि लहान करायला गेलं की शिक्का पुसट होतो, म्हणून स्कॅन करूनच घे. अर्ज पाठवला म्हणजे झालं असं नाही. कॉलेजच्या लॉगिनला तो पडून राहतो, किंवा त्रुटी काढून तुझ्याकडे परत येतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघ, जुलैत वीज आणि रेंज दोन्ही दगा देतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नकोस.

पैसे ज्या बँकेला आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे जातात. मध्येच कुणाच्या सांगण्यावरून नवं खातं उघडून आधार जोडलंस तर हप्ता तिकडे जाईल आणि तू जुनं पासबुक भरत बसशील.

हप्ते उशिरा येतात. दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत इंटर्नशिप असते आणि ९० टक्के हजेरी लागते. त्या दिवसांत शिकवण्या घेऊन खर्च निघणार नाही. मेसचे चार महिन्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव.

तुझी,
मॅडम