सुडो अपडेट केलं तरी व्हर्जन जुनंच दिसतंय, मग पॅच बसला की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री, उबंटू 24.04 (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) च्या एका सर्व्हरवर ईआरपी, म्हणजे कारखान्याचा स्टॉक-बिलं-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर. सुडो म्हणजे साध्या युजरला रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, ताकदीनं कमांड चालवू देणारा प्रोग्राम. त्यातल्या सीव्हीई-2025-32463 या त्रुटीबद्दल (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला नंबर) वाचलंत, दुरुस्ती 1.9.17पी1 मध्ये आहे असं त्यात होतं. मोबाईल यूएसबीनं जोडून सर्व्हरला नेट दिलंत, अपडेट मारलंत, तरी सुडो आपलं 1.9.15पी5 च सांगतंय. म्हणून सोर्स उतरवून स्वतः बिल्ड करायचा विचार आहे. आणि शेवटी, सर्व्हर इंटरनेटवर नाहीच तर एवढी घाई कशाला, असंही विचारलंय.

सोर्सवरून अजिबात टाकू नका. पॅच बहुतेक बसलाय, तुम्ही बघताय ती जागा चुकीची आहे.

उबंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी एकदा डिस्ट्रो बाहेर काढली की आतल्या प्रोग्रामचं मूळ व्हर्जन शक्यतो हलवत नाहीत. नव्या व्हर्जनमधली फक्त सुरक्षेची दुरुस्ती उचलायची आणि जुन्यात बसवायची, याला बॅकपोर्ट म्हणतात. तुमच्या 24.04 साठी दुरुस्त पॅकेजचा नंबर 1.9.15पी5-3उबंटू5.24.04.1 असा आहे. डॅशच्या आधीचा भाग सुडोच्या मूळ लेखकांचा, नंतरचा उबंटूवाल्यांचा. प्रोग्रामला स्वतःचं व्हर्जन विचारलं की तो फक्त पहिला भाग सांगतो. म्हणजे पॅचच्या आधीही 1.9.15पी5 आणि नंतरही 1.9.15पी5. त्याला विचारून काही कळणार नाही. एपीटीला, म्हणजे उबंटूत पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, 'एपीटी पॉलिसी सुडो' असं विचारा (कमांड इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय), तिथं 'इन्स्टॉल्ड'पुढे अख्खा नंबर येतो. वर दिलेला किंवा त्याच्या पुढचा असेल तर विषय संपला. तेवढ्यानंही समाधान होत नसेल तर पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचा. सर्व्हरवर यूएसआर, शेअर, डॉक, सुडो या वाटेनं गेलं की झिप केलेली फाईल आहे, झेडलेसनं उघडते, नेट लागत नाही. त्यात सीव्हीई नंबर लिहिलेला असतो. ऑडिटरला दाखवायलाही तोच कागद उपयोगी. ते नुसत्या व्हर्जनवर बोट ठेवून 'व्हल्नरेबल' लिहून जातात, आणि त्यांची स्कॅनरवाली पोरंही बऱ्याचदा डॅशच्या पुढं वाचत नाहीत.

सोर्सवरून बिल्ड केलंत तर काय होईल ते सांगतो. नवं सुडो यूएसआर लोकलमध्ये जाऊन बसेल. यूएसआर बिनमधलं जुनं तसंच राहील, सेटयूआयडी बिटासकट, म्हणजे कुणीही चालवलं तरी रूटच्या ताकदीनं चालणारं. पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, लोकल आधी येतं म्हणून तुम्हाला व्हर्जन विचारल्यावर 1.9.17पी1 दिसेल आणि बरं वाटेल. आत शिरलेला माणूस पूर्ण पाथ टाकून जुनंच चालवेल. शिवाय पुढचं भोक सापडलं की उबंटूची दुरुस्ती तुमच्या हातानं बसवलेल्या सुडोपर्यंत पोचणारच नाही, ती जबाबदारी कायमची तुमच्या गळ्यात.

आता ही भानगड नेमकी काय होती ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. सुडोला एक पर्याय आहे, कॅपिटल आर. त्याचा अर्थ, 'हे फोल्डर मूळ फोल्डर समज आणि त्यात ही कमांड चालव.' हे करायची परवानगी कुणाला आहे ते सुडोअर्स फाईलमध्ये लिहिलेलं असतं. 1.9.14 मध्ये एक बदल झाला. परवानगी तपासायचं काम चालू असतानाच सुडो युजरनं सांगितलेल्या फोल्डरमध्ये पाय टाकू लागलं, तेही रूट म्हणून. त्या फोल्डरात युजरनं आपली स्वतःची एनएसस्विच नावाची फाईल ठेवलेली असली की संपलं. युजरची, ग्रुपची नावं कुठल्या लायब्ररीकडून शोधायची हे ती फाईल सांगते. सुडो तिच्यावर विश्वास ठेवून तिच्यात लिहिलेली लायब्ररी उचलतं, ती लायब्ररी हल्लेखोराचीच, आणि ती रूट म्हणून चालते. 'तुमचं नाव सुडोअर्समध्ये नाही' हा निकाल लागायच्या आत काम उरकलेलं असतं. सुडोअर्समध्ये नाव असण्याचीही गरज नाही, साधं लॉगिन पुरतं. मेमरीची गडबड नाही, काही नाही, नुसता कामाचा क्रम चुकला. म्हणून 'सगळं रस्टमध्ये (मेमरीच्या चुका टाळणारी प्रोग्रामिंग भाषा) लिहिलं की अशा चुका थांबतील' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

गंमत म्हणजे उबंटू 22.04 वाले यातून सुटले. त्यांचं सुडो 1.9.9, त्यात हा बदल आलेलाच नव्हता. पण त्याच वेळी, 30 जून 2025 ला, जाहीर झालेली दुसरी त्रुटी, सीव्हीई-2025-32462, होस्टच्या पर्यायातली, ती बारा वर्षांहून जुनी, तिच्यासाठी त्यांनाही अपडेट लागलंच. अशा भोकांचं वय बघितलं की माणूस जमिनीवर येतो. जानेवारी 2021 मध्ये सुडोमध्येच सापडलेलं बॅरन सॅमेडिट नावाचं भोक जुलै 2011 पासून होतं. जानेवारी 2022 चं पॉनकिट, पॉलकिटच्या पीकेएक्झेकमधलं (हाही सुडोसारखाच दुसऱ्याच्या ताकदीनं कमांड चालवू देणारा प्रोग्राम), मे 2009 च्या पहिल्या व्हर्जनपासून. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही म्हणून धोकाही कमी. पण जाहीर झालं की चित्र बदलतं. पॉनकिटचा तयार कोड जाहीर झाल्यावर काही तासांतच फिरायला लागला होता. तुमचं सुडोवालं अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेनं 29 सप्टेंबर 2025 ला प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत टाकलं.

आता तुमचं 'सर्व्हर इंटरनेटवर नाही' हे म्हणणं. मोबाईल जोडलात तेव्हा होता की! आणि एरवीही, ही त्रुटी 'लोकल' आहे याचा अर्थ हल्लेखोर शिरोलीत येऊन खुर्चीवर बसला पाहिजे असा नाही. सर्व्हरवर कुठल्याही साध्या युजरच्या नावानं एक कमांड चालवता आली की तो लोकल झाला. डिस्पॅचच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मेलमधून काहीतरी शिरलं आणि त्यात सर्व्हरचा पासवर्ड सेव्ह केलेला असला की झालं. ईआरपीच्या वेब पानावर फाईल अपलोड करायची सोय धड तपासलेली नसली की झालं. ईआरपीवाल्याचा सपोर्टचा माणूस रिमोटनं येतो, त्याचं लॉगिन दहा गिऱ्हाइकांकडे एकच असलं की झालं. तोपर्यंत तो आपल्या जुन्या घरातल्या सोप्यात बसवलेल्या पाहुण्यासारखा असतो. प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणजे तिथूनच त्याला माजघरातल्या तिजोरीची किल्ली मिळणं. साधा युजर फार तर ईआरपीचा डेटा बघेल. रूट झालेला डेटाबेस लॉक करेल, सर्व्हरला जोडलेला बॅकअप पुसेल आणि जाताना लॉगही साफ करेल. पैसे मागणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

शिवाय नेट नसण्याची दुसरी बाजू बघा. उबंटू सर्व्हर सुरक्षेचे अपडेट आपोआप घेतो, पण बाहेर जायची वाटच नसेल तर घेणार कुठून? तुम्ही कधीतरी मोबाईल जोडता तेव्हाच. त्यापेक्षा फायरवॉलमधून फक्त उबंटूच्या पॅकेज सर्व्हरची वाट उघडा, किंवा ऑफिसातल्या एखाद्या मशीनवर एपीटी कॅशर एनजी (पॅकेजेस उतरवून साठवणारा आणि पुढे देणारा प्रोग्राम) बसवून सर्व्हरला तिथून घ्यायला लावा. पेनड्राईव्हवर सुट्टी डेब पॅकेजेस (उबंटूच्या इन्स्टॉलच्या फाईली) आणून डीपीकेजी कमांडनं टाकायची पद्धत मला आवडत नाही. एपीटी सही तपासतं ती रिपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेज सर्व्हरच्या, यादीची. सुट्टं डेब थेट टाकलं की ती तपासणी होतच नाही, आणि फाईल कुठून आली ते आणणाऱ्यालाच माहीत.

सुडोचं झालं. पण तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त खटकते: अपडेट मारलंत, रीस्टार्ट केलंत का?

सुडोला रीस्टार्ट लागत नाही. ते प्रत्येक वेळी डिस्कवरून नव्यानं चालू होतं, पॅकेज बदललं की पुढच्या क्षणापासून नवं. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, तसं नाही. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, मशीन मात्र रीबूट होईपर्यंत जुन्यावरच चालू. 2022 च्या डर्टी पाईप या त्रुटीचं उदाहरण घ्या. एका होस्टिंग कंपनीत लॉगच्या झिप फाईली अधूनमधून खराब निघत होत्या. मॅक्स केलरमन नावाच्या तिथल्या प्रोग्रामरनं चिकाटीनं माग काढला तर चूक थेट कर्नलमध्ये निघाली. पाईपचा (एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणारी नळी) एक फ्लॅग, म्हणजे खूण, आधी कोरा करायचा राहून गेला होता. त्यामुळे जी फाईल फक्त वाचायची परवानगी आहे, तिची मेमरीतली प्रत साध्या युजरला बदलता येत होती. पासवर्डची फाईल असो नाहीतर रूटनं चालणारा प्रोग्राम. 5.8 पासूनचे कर्नल त्यात अडकले, दुरुस्ती 5.16.11, 5.15.25 आणि 5.10.102 मध्ये आली. ज्यांनी अपडेट मारून रीबूट केलं नाही, त्यांच्या डिस्कवर दुरुस्त कर्नल आणि मेमरीत भोकवाला, अशी स्थिती.

आपल्याकडं शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, हेच जास्त दिसतं. लॉगिन केल्यावर वर 'सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड' अशी ओळ येते, आणि ती रोज बघून बघून डोळ्यांना दिसेनाशी होते. वर 'आमचा सर्व्हर वर्षभर बंद नाही' हे कौतुकानं सांगितलं जातं. यूनेम कमांडला आर लावून चालू कर्नलचा नंबर बघा, बूट फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या कर्नलशी ताडून बघा. जुळत नसेल तर पॅच बसलाय, लागू झालेला नाही. कुठल्या सर्व्हिसला रीस्टार्ट लागेल ते सांगणारं नीडरीस्टार्ट उबंटू सर्व्हरमध्ये असतंच. आता त्याचं काय सांगू, नोव्हेंबर 2024 मध्ये खुद्द त्यातच साध्या युजरला रूट करणारी भोकं सापडली, 2014 पासूनची. तेही अपडेट झालंय ना बघा.

सोमवारी कारखाना बंद असतो असं लिहिलंय, तेव्हाच उरका. गेटवर ट्रक उभा आणि इनव्हॉइस निघत नाही म्हणून ई-वे बिल अडलंय, अशा वेळी रीबूटचं नावही काढू नका. आदल्या दिवशी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो सर्व्हरपासून काढून ठेवा. बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का बघा. जुने कर्नल साठून ती भरली की नवा कर्नल अर्धवट बसतो, आणि ते रीबूटनंतर कळणं फार महागात पडतं. ऑटोरिमूव्ह चालवून जुने काढा, पण सध्या चालू असलेला राहू द्या. नवा रुसला तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) मेनूतून जुन्यावर परत येता येतं. तो मेनू एसएसएचवरून (दुरून केलेल्या लॉगिनवरून) दिसत नाही, म्हणून त्या दिवशी सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसा, घरून फोनवर नको. ईआरपीचा लायसन्स डोंगल यूएसबीत असेल तर रीबूटनंतर तो ओळखला जातोय का तेही आधी बघा. बाहेरून बसवलेला एखादा ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बिल्ड व्हावा लागतो, बहुतेक अडचणी तिथंच येतात. ईआरपीवाला 'सर्व्हरला हात लावू नका' म्हणेल. त्याला मेलवर लिहून मागा की पॅच न केल्याची जबाबदारी तो घेतो. सूर लगेच बदलतो.

त्याच बैठकीत सुडो ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते काढा. सपोर्टच्या लॉगिनला 'नोपासवड ऑल' (पासवर्ड न विचारता सगळं चालवायची मुभा) दिलेलं निघालं तर वरचं सगळं पुराण व्यर्थ. त्याला भोक शोधायची गरजच नाही, आपणच दार काढून ठेवलंय.

आणि पॅच आधीच शिरलेल्याला बाहेर काढत नाही. यूआयडी (युजरचा नंबर) शून्य, म्हणजे रूटचाच, असलेला रूटशिवाय दुसरा युजर, रूटच्या ऑथराइज्ड कीजमध्ये (पासवर्डशिवाय लॉगिन देणाऱ्या किल्ल्यांची फाईल) अनोळखी की, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) तुम्ही न लावलेलं काम, टेम्प किंवा होममध्ये सेटयूआयडी बिट असलेली फाईल, यातलं काही दिसलं तर पुसत बसू नका. नेटवर्कची वायर काढा, मशीन चालू ठेवा, डिस्कची प्रत घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते, आणि ते कंपन्यांनाही लागू आहे.

एपीटी पॉलिसीत नंबर जुळला नाही तर तिथलं आउटपुट कमेंटमध्ये टाका, मशीनचं नाव आणि आयपी खोडून. एपीटी जिथून पॅकेजेस घेतं त्या सोर्सेसच्या यादीत सिक्युरिटीची ओळ कुणीतरी बंद करून ठेवलेली असायची शक्यता जास्त.