जुनी शेल्बी घ्यावी का?

प्रश्न: मी डॅलसला असतो, 2016ची शेल्बी जीटी350 (फोर्ड मस्टँगची स्पोर्ट्स गाडी) मिळतेय, मालक म्हणतो ऑइल थोडं पितेच, घेऊ का?

उत्तर: पितेच हे खरंय हो, पण किती ते विचारा ना! ह्या 5.2 लिटरच्या व्ही8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनला 8250 आरपीएमपर्यंत (मिनिटाला इतके फेरे) पळायची सवय, त्यामुळे बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच ठेवायला सांगा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वतः ओढून बघा आणि मग स्टार्ट करा. सर्व्हिसची बिलं नसतील तर सरळ निघून या. आणि रेस ट्रॅकवर न्यायची हौस असेल तर 2016च्या साध्या मॉडेलला ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) आणि डिफरेन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा भाग) थंड ठेवणारे कूलर नाहीत, 2017पासून ते स्टँडर्ड आले, मी तर 2017चीच शोधेन. गिअर मॅन्युअलच, बायको चालवणार असेल तर आधी विचारा.