मॅडम, मी गणित सोडू का?

अकरावीचा दुसरा भाग सुरू झाला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. दहावीला गणितात उत्तम गुण, आणि डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते ते काढण्याचा, धडा लागल्यापासून चाचणीत जेमतेम पास. पालक विचारतात, मुलीला झेपत नाही का? मुलं तर थेट निकालच देऊन मोकळी होतात.

अशीच एक मुलगी वडिलांसोबत आली. शाळा सेमी इंग्रजी, अकरावीला पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र), स्वप्न कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं. खुर्चीत बसता बसता म्हणाली, "मॅडम, माझ्यात गणिताचं डोकंच नाही." वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली आणि तिच्याकडे चाचणीचा पेपर मागितला. असा पेपर मी नेहमी पाहते. 'मला काहीच येत नाही' या वाक्यातलं 'काहीच' नेमकं किती, ते तिथे दिसतं.

क्षच्या घाताचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम असा: घातांक गुणक म्हणून पुढे आणायचा आणि वरच्या घातांकातून एक कमी करायचा. तिच्या पेपरात क्षच्या पाचव्या घाताचं उत्तर बरोबर होतं: घातांक ५ पुढे आला, वर ४ उरला. क्षच्या घनाची ७ पट, त्याचंही बरोबर: क्षच्या वर्गाची २१ पट. पुढचं गणित होतं 'एक भागिले क्षचा घन'. तिने ते क्षचा उणे तिसरा घात असं नीट लिहिलं, उणे ३ पुढे आणला आणि वर लिहिलं उणे २. त्याखालचं वर्गमूळाचं गणित कोरंच.

"वर उणे २ कसा आला गं?"

"घातांकातून एक कमी करायचा ना? तीनाचे दोन."

मी कागदावर संख्यारेषा काढून दिली. तिने उणे ३ वर बोट ठेवलं, आधी उजवीकडे सरकवलं, थबकली, मग डावीकडे आणलं. "उणे चार!" वर्गमूळ म्हणजे घातांक अर्धा, त्यातून एक वजा केला की उणे अर्धा, हे तिने स्वतःच सांगितलं. म्हणजे कॅल्क्युलस, डेरिव्हेटिव्ह ज्यात येतं ते गणित, अडलंच नव्हतं. अडली होती ऋण संख्यांची वजाबाकी आणि अपूर्णांकी घातांक, शाळेत घाईघाईत मागे पडलेला भाग. मुलं अकरावीत सांगायला लाजतात की आपलं अडतंय ते सातवी-आठवीचं आहे. ही लाज मला गणितापेक्षा जास्त काळजीची वाटते.

पुढच्या भेटीत तिने विचारलं, "पण घातांक पुढे का येतो?" मला फार आनंद झाला. आलेखाच्या कागदावर ५ सेंटीमीटर बाजूचा चौरस काढला. क्षेत्रफळ २५. बाजू ०.१ ने वाढवली तर २६.०१; वाढ १.०१, तिला ०.१ ने भागलं की १०.१. बाजू ०.०१ ने वाढवली तर तोच भागाकार १०.०१. वाढ जितकी बारीक, उत्तर तितकं १० जवळ, म्हणजे बाजूच्या दुप्पट. वर्गाचा घातांक २ पुढे येतो तो हाच. चौरसाला दोन कडांनी दोन पट्ट्या जोडल्या जातात, प्रत्येक बाजूएवढी लांब. कोपऱ्यातला इवलासा तुकडा शेवटी नगण्य होतो. पट्ट्या तिने पेन्सिलने रंगवल्या. "घनाला तीन पृष्ठं वाढतील, म्हणून ३?" हो, म्हणूनच.

वडिलांना मी स्पष्ट सांगितलं: विषय सोडण्याचा निर्णय एका धड्यावरून आत्ता घेऊ नका. इंजिनिअरिंगची सीईटी गणिताशिवाय नाही, आणि गणित सोडलं तरी भौतिकशास्त्रात वेग आणि त्वरण काढताना डेरिव्हेटिव्ह भेटणारच. आधी आठवीच्या पुस्तकातला घातांकाचा धडा रोज थोडा करू द्या, नवा क्लास लावू नका. आणि पेपर हातात आला की 'किती मिळाले' याआधी 'कुठल्या ओळीपर्यंत बरोबर आलीस' हे विचारा. त्यांनी तो प्रश्न खिशातल्या डायरीत लिहून घेतला.

तिने गणित ठेवलं आहे. आता दोन राशींच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायच्या नियमावर अडते, पण कुठल्या ओळीवर अडलं ते ती स्वतः दाखवते.