मराठवाड्यात जीवशास्त्रात पीएच.डी. करायची तर संशोधनाचा कोणता विषय धरावा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई परभणी जिल्ह्यातल्या, बी.एस्सी. झालेल्या. संभाजीनगर किंवा नांदेडला एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी.चा विचार आहे. विभागांच्या वेबसाइटवर विषयांची लांबलचक यादी असते, त्यातलं काय धरावं, कशाला स्कोप आहे, आणि प्राणी कापावे लागतात का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, ती यादी वाचून काही ठरवू नका. यादीतला एकेक विषय म्हणजे बहुतेक वेळा एकेक सर किंवा मॅडम असतात. ते निवृत्त झाले की प्रयोगशाळेला कुलूप लागतं, विषय मात्र वेबसाइटवर तसाच राहतो. मी प्राणिशास्त्राचा आहे, दोन्ही विद्यापीठांत ऊठबस राहिलीय, सध्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. त्यामुळे माझं माप प्राण्यांकडे झुकणार, हे धरूनच पुढचं वाचा.

संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ चं. १९९४ मध्ये त्यातून नांदेडचं वेगळं झालं आणि परभणी, हिंगोली, लातूर, नांदेड हे जिल्हे तिकडे गेले. नांदेडला जीवशास्त्र संकुलात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र असं सगळं एकत्र आहे. संभाजीनगरला हे विभाग आपापले वेगळे. परभणीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला घराजवळचं, पण तिथल्या एम.एस्सी.ला सहसा बी.एस्सी. अ‍ॅग्री लागतं.

आता विषय. संभाजीनगरच्या प्राणिशास्त्राची जुनी ओळख म्हणजे परजीवीशास्त्र, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या अंगावर जगणाऱ्या जिवांचा अभ्यास, त्यातही माशांच्या आतड्यातले पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत. वाम, मागूर बाजारातून आणायचे, आतडं उघडायचं, कृमी निघाला की रंगवून स्लाइड करायची, कॅमेरा ल्युसिडानं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवता येणाऱ्या उपकरणानं, चित्र काढायचं, मापं घ्यायची. मापं जुन्या वर्णनाशी जुळली नाहीत की नवी जाती! खर्च कमी, मासे भरपूर, त्यामुळे नव्या जातींची नावं ढिगानं आली. घोळ झाला तोही इथेच. मेलेल्या माशातला कृमी लवकर कुजतो, नीट न ताणता फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आकसतो, आणि वयाप्रमाणे त्याची मापं बदलतात ती वेगळीच. मग एकाच प्राण्याला पाच नावं पडणार नाहीत तर काय? २०११ मध्ये मागुरातल्या कॅरिओफिलिडिया या पट्टकृमींच्या गटाची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. भारत आणि आग्नेय आशियातून वर्णन केलेल्या डझनावारी नावांतून तिच्यात वैध ठरल्या फक्त ८ जाती.

हे वाचून परजीवीशास्त्राला हात जोडू नका. मला विचाराल तर खरं काम आता कुठे सुरू होतंय. संभाजीनगरच्या विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंगचं, म्हणजे जनुकाच्या तुकड्यावरून जाती ओळखण्याचं केंद्र आहे. हेबर्ट कॅनडातले. प्राण्यांच्या सीओआय जनुकातला साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जाती ओळखायची कल्पना त्यांनी २००३ मध्ये मांडली. ताजा मासा, ताजा कृमी, त्याची नीट केलेली स्लाइड आणि त्याच कृमीचा जनुकक्रम, असं चारही एकत्र ठेवून जुनी नावं एकेक करून तपासायला माणूस हवाय. पण यासाठी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसायची तयारी लागते. नुसता सिक्वेन्स बाहेरून करून आणणाऱ्याला कृमीची ओळख कधीच होत नाही.

दोन प्रकारच्या विषयांपासून मात्र सावध राहा. पहिला, 'अमुक तलावाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म'. शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधून बघा, मराठवाड्यातलं धरण सुटलेलं नाही. दर महिन्याला पाणी आणायचं, सामू (पीएच), कठीणपणा, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आणि ऋतूप्रमाणे आलेख काढायचे. तलाव बदलतो, निष्कर्ष तोच: उन्हाळ्यात ऑक्सिजन कमी. दुसरा, 'तमुक औषधी वनस्पतीच्या अर्काची जिवाणूरोधक क्रिया'. पेट्रीडिशमध्ये अर्काभोवती जिवाणू न वाढलेला गोल उमटतो, पण त्या अर्कातल्या कोणत्या रेणूनं जिवाणू मारले याच्या वाटेला कुणी जात नाही.

तलावाचाच विषय घ्यायचा असेल तर त्याला इथला प्रश्न विचारा. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. असा तलाव आटतो तेव्हा पाण्यातल्या प्राणिप्लवकांची, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांची, टणक कवचाची अंडी चिखलात पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. कोरड्या तळाचा चिखल आणून प्रयोगशाळेत भिजवला तर त्यातून आधी कोण बाहेर येतं, किती वर्षांनंतरही येतं, हा प्रश्न बारमाही पाण्याच्या मुलखात कुणाला सुचणारही नाही. त्याला महागडं यंत्र लागत नाही.

पिकांच्या किडींचंही तसंच. गुलाबी बोंडअळीला बीटी कापसाची, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाची, सवय झाली. दोन जनुकांचं बियाणंही तिला रोखेना आणि २०१७ मध्ये बोंडंच्या बोंडं पोकळ निघाली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन खाल्लं. ती जमिनीत कुठे दडते, अंडी किती घालते, कोणत्या ओलीला बाहेर पडते, ही माहिती शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या नावाआधी हवी असते. यावर काम करणारा मार्गदर्शक मिळाला तर डोळे झाकून घ्या. कीटकशास्त्रात पगाराच्या नोकऱ्याही त्यातल्या त्यात जास्त दिसतात.

वनस्पतिशास्त्राबद्दल थोडक्यात. वर्गीकरणाची परंपरा भक्कम आहे. डॉ. व्ही. एन. नाईक यांचे 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'चे दोन खंड १९९८ चे, बालाघाट, गौताळा किंवा किनवटच्या जंगलात फिरणारा आजही तेच उघडतो. डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले बुरशीचे बीजाणू सलग आठ दिवस टिपणारं यंत्र बनवलं आणि अजिंठ्याच्या लेण्यांतल्या हवेचा अभ्यास केला. चित्रांवर बुरशी कुठून येते, हा प्रश्न काही अजून शिळा झालेला नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना लोणार खुणावतं. ते बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात, पण जालन्याच्या हद्दीला लागून. पाण्याचा सामू १० च्या आसपास, खारटपणा वेगळा. तिथल्या जिवाणूंची विकरं (एन्झाइम्स) अल्कधर्मी पाण्यातही चालतात, म्हणून कपड्यांच्या पावडरीसाठी त्यांना मोल. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. गर्दी खूप आहे या विषयात, आणि अभयारण्य असल्यानं नमुने घ्यायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. तिलाच महिने जातात.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच सध्याच्या संशोधक विद्यार्थ्यांशी बोला. सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, डीप फ्रीझर चालू आहे का, रसायनं कोण आणतं, हे तेच सांगतील. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ जागा. म्हणून आवडते सर आणि रिकामी जागा यांचा मेळ आधी बघा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि मार्गदर्शक स्वतः फोन करतात. नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

राहिलं प्राणी कापायचं. एम.एस्सी.पर्यंतचं विच्छेदन यूजीसीनं २०१४ मध्ये बंद केलं, त्यामुळे बेडकाची धास्ती नको. पीएच.डी.ला उंदरांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. गोगलगाय, अळी किंवा प्लवक घेतलं तर ती समिती आड येत नाही. आणि पट्टकृमींसाठीचे मासे ताजे पण मेलेलेच आणले तरी चालतात, फक्त भल्या पहाटे मासळी बाजारात जायची सवय करावी लागेल.