तुला कुणीच मारलं नाही

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मारामारीचा व्हिडिओ बघितला. पहिल्यांदा मोबाईलवर, मग नातवाने टीव्हीला जोडून दिला तेव्हा मोठा करून. "सर, कसा झालाय? स्टंटच्या कामासाठी मुंबईला पाठवू का?" असं तू विचारलंस. नुसता अंगठा पाठवून मोकळं व्हावं असं आधी वाटलं होतं. मग सहज मोजलं. बेचाळीस सेकंदांत तू अकरा पोरं लोळवलीस. तुला किती जणांनी मारलं? एकानेही नाही. साधा धक्कासुद्धा लागला नाही, वेणी जिथल्या तिथे. म्हणून हे पत्र.

लाथा झकास आहेत. त्यावर मी काय बोलणार, वुशूचं, त्या चिनी मारामारीच्या खेळाचं, पदक तुझ्या गळ्यात आहे. पण बघताना मला कुणाचीच काळजी वाटली नाही. तुझी नाही, कारण तुला काही होणार नव्हतं. त्या पोरांची नाही, कारण ती पडायलाच आली होती. आमच्या सूनबाईने चार लाथा बघितल्या आणि ती मेथी निवडायला परत आत गेली. ती फार चांगली परीक्षक आहे. मी तिचं ऐकतो.

खाली तू लिहिलंयस, "जॅकी चॅनसारखं करिअर करायचंय." बरं, मग त्याचंच बोलू.

१९५४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला जन्मलेला हा पोरगा. आईबाप फ्रेंच वकिलाच्या बंगल्यावर कामाला. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, त्यांच्या सरकारचा. बाप स्वयंपाकी. पुढे बापाला ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या अमेरिकन वकिलातीत आचाऱ्याचं काम लागलं आणि सातेक वर्षांचं पोर यू जिम-युएन नावाच्या गुरूकडे दहा वर्षांच्या करारावर राहायला गेलं. ती शाळा म्हणजे कुंग-फूचा आखाडा नव्हता, पेकिंग ऑपेराची शाळा होती. आपल्याकडे जुन्या काळी पोरं संगीत नाटक मंडळीत राहायला जायची ना, तसलाच प्रकार, फक्त छडी जास्त. पहाटे सुरुवात, मध्यरात्रीपर्यंत तालीम. हातांवर उलटं उभं राहायचं, हात थरथरला की फटका. कोलांट्या, तलवार, भाला हे सगळं होतंच; पण त्याच्याच जोडीने गाणं, तोंड रंगवणं, म्हाताऱ्यासारखं चालणं, लोकांना हसवणं. पुढे सिनेमात नाव काढलेले सामो हुंग आणि युएन बियाओ हे त्याचे तिथलेच गुरुबंधू.

हे मी मुद्दाम लांबवतोय. लढवय्याचा नट झाला, असं लोक त्याच्याबद्दल म्हणतात. मला ते पटत नाही. तो आधीपासून रंगमंचावरचाच पोरगा होता; त्याच्या अंगातली लढाई पहिल्या दिवसापासून प्रेक्षकाकडे तोंड करून उभी होती. तुझी पंचाकडे तोंड करून आहे.

तू लगेच जेट लीचं नाव काढशील, मला माहीत आहे. तो खरोखर तुझ्याच खेळातला. आठव्या वर्षी वुशूला लागला, १९७४ ला अकरा वर्षांचा असताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर प्रात्यक्षिक करून आला, देशाचा अजिंक्यवीर झाला आणि १९८२ च्या पहिल्याच सिनेमाने चीनभर माहीत झाला. असा माणूस निघतो कधीतरी. त्याच्या भरवशावर घर सोडू नकोस.

पुन्हा आपल्या गड्याकडे. तो शाळेतून बाहेर पडेपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक सिनेमाकडे वळला होता. हातात कला आहे, पण तिला गिऱ्हाईक नाही. ही पोरं मग स्टुडिओच्या दारात उभी राहिली, उड्या मारायला आणि मार खायला. १९७२ च्या एका सिनेमात शेवटी ब्रूस लीची लाथ बसते आणि खलनायक भिंत फोडून बाहेर जातो. तो उडणारा माणूस खलनायक नाही, आपला जॅकी आहे. पुढच्या वर्षीच्या सिनेमात, तळघरातल्या मारामारीत, ब्रूस ली एकाचे केस धरून मान मोडतो. तोही हाच. त्याच शूटिंगची एक गोष्ट तो मुलाखतीत रंगवून सांगतो. ब्रूस लीचा दांडका चुकून खरोखरच त्याच्या तोंडावर बसला. कॅमेरा चालू होता म्हणून हा पडूनच राहिला. कट झाल्यावर ब्रूस ली धावत आला, माफी मागायला लागला. तोवर दुखणं थांबलेलं होतं, पण एवढा मोठा माणूस आपल्याला धरून बसलाय म्हटल्यावर हा कण्हतच राहिला. मला ही गोष्ट फार आवडते. फटका खाल्ला, फ्रेम सोडली नाही आणि वर पुन्हा अभिनय.

१९७३ च्या जुलैत ब्रूस ली गेला. बत्तीस वर्षांचा. धंद्याला लगेच दुसरा ब्रूस ली हवा होता. मधल्या काळात काम नाही म्हणून जॅकी आईबापाकडे कॅनबेराला जाऊन बांधकामावर राबत होता. तिथे जॅक नावाच्या एका कामगाराने त्याला हाताशी धरलं, म्हणून याचं नाव 'लिटल जॅक' पडलं, त्याचं पुढे जॅकी झालं. १९७६ ला त्याला परत बोलावून घेतलं, 'सिंग लुंग' असं नाव दिलं, म्हणजे ड्रॅगन झालेला, आणि ब्रूस लीच्या कपड्यात उभं केलं. डोळ्यांत सूड, ओठ घट्ट, एका लाथेत तीन गडी आडवे. पिक्चर एकामागून एक आपटले. पोरगा तोच, लाथ तीच. शाळेत शिकलेलं एवढं सगळं गाठोडं मात्र कुणी उघडूनच बघितलं नव्हतं.

तुझ्या व्हिडिओत मला हाच माणूस दिसला बघ, १९७६ चा.

१९७८ ला त्याला दोन सिनेमांपुरतं दुसऱ्या कंपनीला उसना दिला. दिग्दर्शक युएन वू-पिंग. दुसऱ्या सिनेमात त्याला वाँग फेई-हुंग करायला लावला. हा वाँग फेई-हुंग म्हणजे तिकडचा मोठा लोकनायक, आधीच्या ढीगभर सिनेमांतला धीरगंभीर गुरुजी. त्याचं यांनी उनाड, आळशी, मार खाणारं कार्टं करून टाकलं. दारुड्या गुरूचं काम केलं दिग्दर्शकाच्या वडिलांनीच. तो गुरू त्याला पिळून काढतो, पोरगं रडतं, पळून जातं, मार खातं, पुन्हा येतं. आणि तो ठोसा मारतो ना, तेव्हा स्वतःचाच हात झटकतो. आई गं, लागलं, असं तोंड करतो. बस, तिथे सगळं फिरलं. ब्रूस लीला दुखत नव्हतं, याला दुखतं.

मी तो सिनेमा १९८४ ला राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ पार्लरात बघितला, बाकड्यावर दाटीवाटीने बसून. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. शेजारी एक हमाल बसला होता, तो प्रत्येक फटक्याला "आयायाया" करत होता. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर आम्ही सगळी पोरं दारुड्यासारखी डुलत होतो. घरी कळल्यावर खरा मार बसला, तो वेगळा.

आता माझा स्टंटच्या कामाचा पहिला दिवस ऐक. १९८९, मुंबई. कराटेचा काळा पट्टा बॅगेत, छाती दीड फूट पुढे. फाइट मास्तरांनी समोर एक पन्नाशीचा गडी दिला आणि म्हणाले, मार. मी असा ठोसा मारला की त्याच्या नाकासमोर दोन बोटांवर थांबला. स्पर्धेत यावर गुण मिळतात. मास्तर म्हणाले, "मारलास कधी? दिसलं नाही." कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं घेतो. माझा ठोसा पाव सेकंदात जाऊन परत आला, म्हणजे सहा चित्रं, त्यातली चार पुसट. ब्रूस लीलासुद्धा १९६६ च्या अमेरिकन मालिकेत हळू कर म्हणून सांगावं लागलं होतं म्हणतात, पण हे मला तेव्हा कुठलं माहीत. मी चिडलो आणि दुसऱ्या वेळी ठोसा नीट लांबून, खांद्यापासून फिरवून आणला, आणि अंतर चुकलं. त्या गड्याचा ओठ फुटला. तो काही बोलला नाही. रक्त पुसलं, मला बाजूला घेतलं आणि दाखवलं: तू माझ्या गालापासून हातभर लांबूनच घालव, कॅमेरा तुझ्या पाठीशी आहे, त्याला अंतर दिसत नाही. बाकीचं मी बघतो. तिसऱ्या वेळी माझा हात हवेतून गेला आणि त्या माणसाची मान अशी फिरली, गुडघा असा मोडला, की सेटवरचा चहावाला पोरगा किंचाळला. पिक्चर बघून गावाकडचे लोक मला म्हणाले, काय ठोसा मारलास रे! मी कुठला मारला. तो त्याने खाल्ला होता.

तुझ्या व्हिडिओतल्या त्या अकरा पोरांकडे पुन्हा बघ. डावीकडचा निळ्या बनियनवाला तुझ्या लाथेच्या आधीच पडायला लागलाय. त्याने तुझी लाथ वाया घालवली. तू त्याला सांगितलं नाहीस, कारण तू त्याच्याकडे बघतच नव्हतीस, मोबाईलकडे बघत होतीस.

उड्यांचं आणि जिवावरच्या स्टंटचं तू जास्त विचारतेस, म्हणून थोडं. १९८३ ला तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतं फाडत जमिनीवर पडला. त्याआधी कित्येक दिवस तो वर जायचा, लटकायचा आणि परत उतरायचा. भीती वाटते म्हणून. १९८५ ला मॉलमधल्या दिव्यांनी लगडलेल्या खांबावरून घसरला, तेव्हा तळहात भाजून निघाले. पण मरणाच्या दारात तो गेला १९८६ ला युगोस्लाव्हियात, आणि तेही भिंतीवरून झाडावर मारलेल्या एका साध्या उडीत. पहिला टेक झाला होता, चांगला होता. त्याला अजून बरा हवा होता. दुसऱ्या वेळी फांदी मोडली, खाली दगड, कवटी फुटली, कानातून रक्त. कवटीला पडलेलं भोक बुजवावं लागलं आणि एका कानाने कमी ऐकू यायला लागलं. मोठ्या उडीला सगळे गाद्या तपासतात. लहान उडीला कुणी तपासत नाही. माझा उजवा खांदा जेमतेम पाच फुटांवरून गेला, गादी दोन वीत सरकली होती एवढंच. निर्मात्याच्या माणसाने टॅक्सीचे पैसे हातावर ठेवले आणि दुसरा गडी उभा केला. म्हणून सांगतो, गादी दुसऱ्याने घातली असली तरी आपल्या पायाने चाचपायची. मास्तर ओरडले तरी चालेल.

आणि त्याच्या सिनेमाच्या शेवटी नावं पडत असतात तेव्हा उठू नकोस. चुकलेले टेक तिथे दाखवतो तो: पडलेला, आपटलेला, स्ट्रेचरवर. अमेरिकेत नाव झालं त्या १९९५ च्या सिनेमात उडी मारताना त्याचा घोटा मोडला, तर प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून पुढचं काम केलं. हे धाडस कर असं मी म्हणत नाही, चुकूनही करू नकोस. मला त्यातला रंगवलेला बूट आवडतो. प्रेक्षकाला काय दिसणार, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात.

मुंबईचं म्हणशील तर पोरींना तिथे काम आहे, पूर्वीपेक्षा जास्त आहे. आमच्या वेळेला नायिकेच्या जागी केसांचा टोप घालून गडीच उडी मारायचे. त्याच्याही आधी, १९७५ च्या 'शोले'त, रेश्मा पठाण बाई हेमा मालिनीच्या जागी टांगा हाकत होत्या, हे लोकांना कळायला चाळीस वर्षं गेली. आता ऑस्करवाल्यांनीही स्टंटसाठी वेगळा पुरस्कार जाहीर केलाय, २०२७ च्या सिनेमांपासून. आधी स्टंटवाल्यांच्या संघटनेचं कार्ड कर, विमा विचार, आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नकोस. जॅकीला शाळेत लिहिणं-वाचणं धड मिळालं नाही, ती खंत तो अजून बोलून दाखवतो, आणि करारापायी पुढे त्याने पुष्कळ मनस्ताप भोगला. तुझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे ना? ते दे आधी. मी तुझ्या आईच्या बाजूने बोलतोय असं वाटेल, वाटू दे.

आणि मिशेल योचं बघ. ती मलेशियातली, आधी बॅले शिकलेली, वुशूचं पदक-बिदक काही नाही. १९९२ ला जॅकीच्याच सिनेमात तिने मोटारसायकल धावत्या मालगाडीवर उडवली. पण मला तिच्या मारामारीत जास्त आवडतं ते दोन फटक्यांच्या मधलं. श्वास घेते, तोल सावरते, पुढचा कुठून येणार ते बघते. नाचणारीला ताल कळतो. तुझ्यात ताल आहे, लहानपणी तू लेझीम काय खेळायचीस! तो या व्हिडिओत कुठे गेला?

तर हा व्हिडिओ पाठवू नकोस. गुरुवारी संध्याकाळी सहाला तालमीच्या मागच्या अंगणात ये. दोन गाद्या आणून ठेवतो, एकाच शॉटमध्ये सगळं घेऊ, तुकडे नकोत. निळ्या बनियनवाल्यालाही आण, पण या वेळी मारणार तो आणि खाणार तू. पहिला तासभर नुसतं पडायचं. पाठीवर, कुशीवर, मग पायऱ्यांवरून. नवी ट्रॅकपँट घालू नकोस, गुडघ्यावर फाटेल.

तुझा,
सर